कॅन्सर गेला, पण तोंड दीड बोटच उघडतं

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत, गावात किराणा दुकान आहे. सव्वा वर्षापूर्वी डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. छातीचं मांस गालात बसवलं, मान उघडून गाठी काढल्या, मग रेडिएशनचे ३० शेक झाले. केमो नव्हतं. आता डॉक्टर म्हणतात, रोग नाही. पण तोंड जेमतेम दीड बोट उघडतं आणि महिन्यागणिक कमी होतंय. तोंड सारखं कोरडं, पाणी पिताना ठसका लागतो. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. सकाळी हनुवटीखाली पिशवीसारखी सूज असते. खालची डावी दाढ किडली आहे, ती काढून टाकू असं इथले दातांचे डॉक्टर म्हणतात. रोग गालात होता, मानेत गाठ लागत नव्हती, मग मान का उघडली, हेही कुणी नीट सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, पण लोकांसमोर जेवायची लाज वाटते म्हणून हे यायला तयार नाहीत. हे सगळं असंच राहणार का?

उत्तर : ताई, बाकीचं सावकाश वाचा. आधी दातांच्या दवाखान्यात फोन करा आणि दाढ काढायची ठरली असेल तर थांबवा. ‘या जबड्याला शेक झालेले आहेत’ एवढं वाक्य त्या डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे. बऱ्याचदा पेशंट ते सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

कारण असं. शेकानं रोगाच्या पेशी मरतात, तशाच जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. खालच्या जबड्याला मुळातच रक्तपुरवठा बेताचा असतो. एरवी दाढ काढली की खड्डा रक्तानं भरतो आणि काही आठवड्यांत हिरडी मिटते. शेक झालेल्या हाडात हा खड्डा उघडाच राहू शकतो. हाड तोंडात दिसायला लागतं, तीन-तीन महिने झाकलं जात नाही, पू होतो, कधी गालाला बाहेरून भोक पडतं, कधी जबडा नुसत्या चावण्यानं मोडतो. प्रत्येकाचं असं होत नाही, पण ज्याचं होतं त्याला पुन्हा मोठ्या ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागू शकतं. ‘आता वर्ष उलटलं, धोका टळला’ असंही इथे नसतं. दहा वर्षांनी काढलेल्या दाढेलाही हेच होऊ शकतं.

त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर शेकाचा एकूण डोस लिहिलेला असेल. ३० शेक म्हणजे बहुतेक ६० ग्रे (ग्रे हे शेक मोजायचं माप). पण प्रश्न त्या दाढेखालच्या हाडाला नेमका किती मिळाला याचा आहे, आणि तो आकडा जिथे शेक झाले तिथल्या रेडिएशन विभागाकडे संगणकात असतो. दाढेचा एक्स-रे काढून तो घेऊन त्याच हॉस्पिटलच्या दंतविभागात जा. वाचवण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करतात. वरचा भाग पार गेला असेल तरी मुळं तशीच ठेवून, रूट कॅनाल करून, हिरडीच्या पातळीला घासून बंद करता येतात. दिसायला दात गेलेला, पण हाडाला धक्का नाही. काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर ती तिथेच, हाड कमीत कमी दुखावून, टाके घालून काढावी आणि खड्डा पूर्ण भरेपर्यंत दाखवत राहावं. हाड सडू नये म्हणून आधी दाबाखालच्या प्राणवायूच्या खोलीत वीस-तीस वेळा बसवू, असं कुणी सुचवलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत त्या खोलीत बसलेल्यांत आणि न बसलेल्यांत हाड सडण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, सहा टक्क्यांच्या आसपास, निघालं.

अडचण अशी की मागच्या दाढेचं रूट कॅनाल करायला डॉक्टरांची बोटं आणि अवजार आत जायला हवं. दीड बोटात ते जात नाही. म्हणून खरी लढाई तोंड उघडण्याची आहे.

चावण्याचे स्नायू गालाच्या मागे आणि जबड्याच्या आतल्या बाजूला असतात. ऑपरेशनचा व्रण आणि शेक, दोन्ही नेमके तिथेच. शेक संपले तरी तिथल्या व्रणाची दोरी वळली जाणं थांबत नाही, पहिली दोन वर्षं तर ते जोरात चालतं आणि पुढेही चालू राहतं. ‘औषधोपचार संपले, आता आपोआप सुधारेल’ ही समजूत इथेच दगा देते. सुपारी-गुटख्यामुळे गाल आधीपासून कडक झालेला असेल तर आणखी कठीण.

आधी मोजा. प्लॅस्टिकची साधी पट्टी घ्या. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, जास्तीत जास्त तोंड उघडून, मिलिमीटरमध्ये. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असते, तेवढी कापून टाका, नाहीतर दर वेळी चुकेल. निरोगी माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ३५च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला ‘तोंड आखडलं’ म्हणतात. यजमानांचं दीड बोट म्हणजे साधारण २२ ते २५ असेल. दर रविवारी सकाळी मोजून दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा.

आता काड्या. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या स्टेशनरीच्या दुकानात पुड्यानं मिळतात, एक काडी साधारण २ मिलिमीटर जाड. तोंडात सहज मावतील तेवढ्या एकावर एक रचा, बाहेरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. कोमट पाण्याच्या दोन-चार चुळा भरून जबडा सैल करा. काड्यांचा गठ्ठा उजव्या बाजूच्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या, दाढांमध्ये आडवा ठेवा. पुढच्या दातांवर नको, तिथे जोर आला की दात हलतात. मग गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. ३० सेकंद थांबा, काढा, श्वास घ्या. असं पाच वेळा म्हणजे एक पाळी, आणि दिवसाला पाच पाळ्या. उठल्यावर, तिन्ही जेवणखाणाच्या आधी आणि झोपताना असं बसवलं तर लक्षात राहतं.

इथे चूक होते ती दोन प्रकारांनी. एक, सकाळी एकदाच दणकून करतात. जोरानं ताणलं की स्नायू भिऊन आणखी घट्ट मिटतो, दुसऱ्या दिवशी गाल सुजतो आणि व्यायाम आठवडाभर बंद पडतो. दुसरी, चार काड्या वाढल्या की समाधान मानून सोडतात, आणि महिन्याभरात पाच काड्या कमी होतात. आठवड्याला एक काडी वाढली तरी उत्तम चाललंय असं समजा. कधी नुसती तेवढीच राहिली तरी व्यायाम फुकट गेला असं नाही, कारण न करता ती कमीच झाली असती. ३५ गाठेल असं आम्ही सांगत नाही, पण २३ वरून २९-३० झालं तरी चमचा आत जातो, ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचतो आणि दंतवैद्याचं अवजार शिरतं. स्क्रू फिरवून उघडायचं स्टीलचं साधनही मिळतं, पण ते फिजिओथेरपिस्टनं समोर बसवून शिकवल्यावरच. ऑपरेशनमध्ये जबड्याचं हाड कापलं असेल किंवा प्लेट बसवली असेल तर काड्यांआधीही सर्जनना विचारा. गालावर गरम पाण्याची पिशवी मात्र ठेवू नका. तिथली कातडी बधिर असते, भाजल्याचं कळतही नाही.

तुम्ही ‘महिन्यागणिक कमी होतंय’ असं लिहिलंत. हळूहळू कमी होणं व्रणामुळे होतं. पण दोन-तीन आठवड्यांत एकदम ५ मिलिमीटर गेले, सोबत कान दुखायला लागला किंवा तोंडात न भरणारी जखम दिसली, तर काड्या बाजूला ठेवून तारखेची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. तो दाढेचा पू असू शकतो, हाडाचा त्रास असू शकतो, रोग परतल्याची खूणही असू शकते. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवडे बरी झाली नाही तर तेच.

कोरडं तोंड आणि किडलेली दाढ ही एकाच घरातली भावंडं. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरच्या आसपास लाळ सुटते. ती दातांवरचं आम्ल धुते आणि त्यांना कॅल्शियम परत देते. शेकानं लाळेच्या गाठी सुकल्या की दात हिरडीलगत, गळ्याशी, तपकिरी आणि मऊ होतात आणि एक दिवस तिथूनच कट्‌कन मोडतात. बाटलीतलं पाणी घोट घोट पिऊन भागत नाही, कारण पाणी टिकत नाही, निसटून जातं. घोट तोंडात फिरवा, जिभेखाली थोडा वेळ धरा, मग गिळा. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि १ चहाचा चमचा खायचा सोडा घालून प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना खळखळून चुळा भरायच्या, थुंकायच्या. पाणी रोज ताजं करा. धुण्याचा सोडा वेगळा, तो चुकून येऊ देऊ नका, आणि तुमचंच दुकान असल्यामुळे हे मुद्दाम सांगतोय. झणझणीत लागणारे अल्कोहोलचे माउथवॉश बंद. लाळ सुटावी म्हणून लिंबाच्या गोळ्या चघळतात, त्यानं लाळ जेमतेम सुटते आणि उरलेले दात जातात. साखर नसलेली गोळी चालेल. कृत्रिम लाळेचं औषध औषधाच्या दुकानात मिळतं, ते जेवणाआधी आणि झोपताना. लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळीही असते, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

दातांसाठी रात्रीचं काम एकच, पण ते चुकवायचं नाही. दंतवैद्याकडून दातांच्या मापाचे दोन पातळ साचे करून घ्या. त्यात १.१ टक्का सोडियम फ्लोराइडचं, आम्ल नसलेलं जेल घालून ५ ते १० मिनिटं दातांवर ठेवायचं, थुंकायचं आणि अर्धा तास खाणंपिणं, चूळ काही नाही. तोंड लहान उघडत असल्यानं साचा जात नसेल तर तेच जेल ब्रशनं लावा. लहान मुलांचा मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. आणि हे विचारायला संकोच नको : सकाळी मिश्री तर लागत नाही ना? तंबाखू सोडली म्हणणारी पुष्कळ घरं मिश्रीला दंतमंजनात धरतात. ती भाजलेली तंबाखूच आहे.

जिभेवर, टाळ्यावर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसले आणि तिखट नसलेलंही झोंबायला लागलं तर ती बुरशी. कोरड्या तोंडात ती वारंवार होते, डॉक्टरांच्या औषधानं जाते.

ठसक्याचं हलक्यावर घेऊ नका. घशाचे स्नायू ताठरले की गिळताना श्वासनळीचं दार वेळेवर मिटत नाही, आणि सगळ्यांत निसरडं असतं पाणी. यजमान पाणी वरून ओतून पितात का, ते आज पाहा. आपल्याकडे भांड्याला तोंड न लावायची सवय असते, त्यात मान मागे जाते, तोंड उघडं राहतं आणि पाणी आपल्या हिशोबानं घशात पडतं. निरोगी माणसाला जमतं, यांना नाही. पेल्याला तोंड लावून, ताठ बसून, एक छोटा घोट. तो तोंडात गोळा करायचा, हनुवटी थोडी छातीकडे घ्यायची, जोर लावून गिळायचं, मग रिकामं गिळणं आणखी एकदा. बोलायचं नाही, टीव्ही बंद. हनुवटी खाली घेणं बहुतेकांना फायद्याचं पडतं, सगळ्यांना नाही, म्हणून गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून बेरियमचं पाणी पाजून एक्स-रेवर किंवा नाकातून दुर्बीण घालून एकदा खात्री करा. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात उतरू शकतं. गिळल्यावर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येणं, संध्याकाळी कणकण, वारंवार छाती भरणं, वजन उतरणं या त्याच्या खुणा. तोवर जेवताना पाण्याऐवजी थोडं दाट ताक किंवा पेज. भाकरी आमटीत कुस्करून, वर तूप. मऊ भात, मेतकूट, नाचणीची आंबील, मुगाची खिचडी. चिवडा, फरसाण, पापड सध्या नको.

आता मान. मानेत सगळ्यांनाच बारीक रसग्रंथी असतात, काढल्या त्या गाठी म्हणजे याच. गालाच्या कॅन्सरची मुळं त्यांत बोटाला न लागणारी असू शकतात. मान आधीच उघडावी की गाठ दिसल्यावर, हा वाद डॉक्टरांतही बरीच वर्षं होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या, मानेत गाठ नसलेल्या पेशंटवर चाचणी घेतली. पहिल्या ५०० पेशंटचे निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा फरक जिवाचा आहे. यजमानांच्या गाठींच्या तपासणीचा कागद काढून पाहा, शेक का दिले याचं उत्तरही बहुधा तिथेच लिहिलेलं असेल.

त्याची किंमत खांद्यानं मोजली. खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस मानेतल्या त्याच गाठींमधून जाते. न कापता नुसती हाताळली तरी ती महिनोन्‌महिने झोपते. त्यात यांच्या छातीचा स्नायूही गालाला लावलेला. हात वर जात नाही म्हणून वापरत नाहीत, वापरत नाहीत म्हणून सांधा गोठतो, आणि नस जागी झाली तरी हात तिथेच राहतो. पाठीवर झोपून लाटणं दोन्ही हातांत आडवं धरा, उजव्यानं डाव्याला आधार देत डोक्यामागे न्या, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढा, जिथवर पोचलं तिथे पेन्सिलीची खूण करा. खुर्चीत बसून दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. बसताना डाव्या हाताखाली उशी, म्हणजे हाताचं वजन त्या लुळ्या स्नायूवर पडत नाही. डाव्या हातानं बादली, पोतं उचलायचं नाही. दुकानात वरच्या फळीवरचा माल कमरेच्या उंचीवर आणा. सहा महिने जीव तोडून करूनही हात खांद्याच्या रेषेवर जात नसेल तर फिजिओथेरपिस्टना पुन्हा दाखवा.

हनुवटीखालची पिशवी म्हणजे निचरा न झालेलं पाणी. गाठी काढल्या, वाट बंद झाली, रात्री आडवं पडल्यावर ते साचतं, दुपारपर्यंत उतरतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभराहून थोडे कमी उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. दोन उशा घेतल्या तर मानच मुडपते. सकाळी दहा मिनिटं हलका हात फिरवायचा : आधी काखेत आणि गळ्याच्या हाडामागे, मग हनुवटीखालून उजवीकडे, न उघडलेल्या बाजूला. दाब इतका कमी, की फक्त कातडी सरकेल. तेल लावून रगडणाऱ्या मालिशवाल्याला मानेला हात लावू देऊ नका. दाढी ब्लेडनं न करता ट्रिमरनं. सूज एकदम वाढली, लाल-गरम झाली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

शेकाचा झोत मानेवरून गेला असेल तर थायरॉइड मंदावू शकतं. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, आणि घरचे म्हणतात ‘आजारपणानं खचलेत’. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी आता एकदा आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी करा. मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्याही शेकात सापडतात, म्हणून बीपी आणि साखर ताब्यात हवी.

राहिलं लग्न. त्यांना न्या. घरून मऊ खिचडी थोडी खाऊन निघा, म्हणजे तिथे पोट भरायचं ओझं नाही. खिशात लहान बाळाचा चपटा चमचा, हातरुमाल आणि छोटा आरसा. ओठ बधिर असल्यानं अन्न ओघळलेलं त्यांना कळत नाही, त्यावर तुमच्यातली एखादी खूण ठरवा, तुम्ही स्वतःच्या ओठाला बोट लावलं की त्यांनी पुसायचं. पहिल्या पंगतीची घाई नको, शेवटी बसा, कोपऱ्याला, त्यांना अर्धा तास लागू दे. वरणभात कालवून तूप घालून जाईल. जिलेबीही मठ्ठ्यात बुडवून चांगली मऊ झाली की जाईल. फक्त हात धुवायला उठाल तेव्हा सोड्याच्या पाण्याची बाटली सोबत असू दे, साखर त्या दातांवर घरी येईपर्यंत बसता कामा नये.